वहीतली नोंद ‘पोरगी १४’: पेणच्या एका गणपती कारखान्याचं प्रकरण

२०२४ ची अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला असेल. वहिनी, म्हणजे माझ्या मित्राची बायको, हंगामाच्या हिशेबाची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवीत दरवर्षीचंच सगळं होतं. रंगाची बिलं, हमरापूरहून आणलेल्या कच्च्या मूर्तींच्या चिठ्ठ्या, टेम्पोच्या पावत्या आणि निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, "भाऊजी, मजुरीच्या खात्यात पोरीचं नाव घालता येईल का? सोळा हजार चारशे होतात तिचे. ती काही मागत नाही, पण काम तिनं केलंय, तर तिच्या नावावर पडावेत."

पोरगी तेव्हा बारा वर्षांची, सातवीत.

मी पेणमध्ये लहान धंद्यांचे हिशेब लिहितो. किराणा, पिठाच्या गिरण्या, एक-दोन खानावळी आणि अर्थातच गणपतीचे कारखाने. यातल्या निम्म्या घरांत शाळेतलं मूल दुकानात किंवा कारखान्यात हात लावतं, आणि त्यात वावगं काय हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. या एका घरात तो पडला. घरच्यांना विचारून हे लिहितो आहे. नावं, गल्ली, शाळा, कारखान्याची पाटी यातलं काही इथे येणार नाही.

घर आणि काम

कारखाना आबांचा, म्हणजे पोरीच्या आजोबांचा. घरामागे पत्र्याची लांब पडवी, तीन बाजूंना फळ्यांच्या मांडण्या. मूर्ती ते स्वतः घडवत नाहीत. हमरापूर, जोहे या गावांतून कच्च्या, पांढऱ्या मूर्ती येतात आणि इथे घासून, रंगवून, आखून ठाणे-डोंबिवलीच्या विक्रेत्यांकडे जातात. मुलगा, म्हणजे माझा मित्र, बंदरात शिफ्टवर असतो. त्याचा कारखान्याला हात लागला तर रविवारी. वहिनी सकाळी दहा ते साडेपाच एका पतसंस्थेत काउंटरवर बसतात आणि संध्याकाळी पदर खोचून पडवीत उतरतात. गेली सहा वर्षं कारखाना खऱ्या अर्थाने त्याच चालवतात. पगार घर चालवतो आणि गणपती पोरांचं शिक्षण करतो, असं त्यांचं साधं गणित.

आबांचं नाव होतं ते आखणीसाठी, म्हणजे डोळ्यांसाठी. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की मूर्तीच्या कामात हे काम शेवटचं आणि सगळ्यात नाजूक. मूर्ती फिरत्या पाटावर ठेवायची, खाली वीट किंवा रंगाचा डबा सरकवून तिचे डोळे आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणायचे. डोळ्याच्या खोबणीत पांढरा भरायचा आणि सुकू द्यायचा. मग वरच्या पापणीची रेघ, नाकाकडून कानाकडे, एका दमात. मग तपकिरी बुबुळ, त्यात काळं, कडेला जरासा लाल, भुवया, आणि सगळ्यात शेवटी बुबुळावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. दोन्ही डोळ्यांतला ठिपका एकाच बाजूला पडायला हवा, नाहीतर देव तिरळा दिसतो. नजर सरळ ठेवायची नाही, किंचित खाली, म्हणजे समोर मांडी घालून बसलेल्याला देव आपल्याकडे बघतोय असं वाटतं. आणि डोळा चुकला की पुसता येत नाही. ओलं फडकं लावलं की खालचा अंगाचा रंगही उचलून येतो आणि सगळा चेहरा पुन्हा करावा लागतो.

आबांनी चाळीसेक वर्षं हे केलं. मग हात थरथरायला लागला. ते दिवसाला एक-दोन मूर्ती अजून आखतात, सकाळी, चहाच्या आधी, हात स्थिर असतो तेवढ्या वेळात.

नात चौथीत असल्यापासून त्यांच्याशेजारी बसायची. नाकारलेल्या, कान तुटलेल्या, तडा गेलेल्या मूर्तींच्या चेहऱ्यांवर ती डोळे काढायची आणि आबा बोटाने दाखवायचे, इथे रेघ जाड झाली, इथे दम सुटला. पोरीचा हात उपजतच चांगला. सहावीत असताना तिने काढलेले डोळे आणि आबांचे डोळे शेजारी ठेवले तर मला फरक कळला नव्हता. वहिनींनी आणि आबांनी तिला हे कामासाठी शिकवलं नव्हतं, एवढं आधीच स्पष्ट सांगतो. दुपारी आजोबा आणि नात एका पाटाला बसायचे आणि त्यातून ते हातात आलं.

जुलैचा तो शनिवार

२०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. कारखान्याने ६४० मूर्तींचं बुकिंग घेतलं होतं आणि विक्रेत्यांचे टेम्पो १ सप्टेंबरपर्यंत भरून द्यायचे होते. आखणीला एक कारागीर ठेवलेला होता, मूर्तीमागे चाळीस रुपये दर. २० जुलै, शनिवार. आठवड्याचा हिशेब घेऊन तो गेला आणि सोमवारी आला नाही. मोठ्या कारखान्याने जास्त दर दिला. हंगामात हे होतंच, त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही घर आहे.

त्याच्या हातून तेव्हा १९० मूर्ती झाल्या होत्या. उरल्या ४५०. दुसरा माणूस शोधला तर ऐंशीच्या खाली कुणी बोलेना, आणि आठ दिवसांनी बघू म्हणत होते. त्यात जुलैच्या शेवटच्या आठवड्यातला पाऊस. ज्यांनी पेणचा पावसाळा बघितला नाही त्यांना कल्पना येणार नाही. हवेतच इतकी ओल असते की एक हात मारलेला रंग दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतो. पडवीत चार पंखे आणि दोन हॅलोजन लावून मूर्ती सुकवत होते आणि मध्येच वीज जायची.

सोमवारी रात्री जेवणानंतर पोरगीच म्हणाली, "आई, मी काढू का?" आबांनी मान डोलावली. त्या रात्री तिने नऊ मूर्ती आखल्या.

वहिनींनी वहीत कारागिराचा रकाना होता तिथेच लिहिलं: ‘पोरगी ९’.

वही काय सांगते

ती वही मी नंतर पेन्सिल घेऊन पान-पान लावली. २२ जुलै ते १ सप्टेंबर हे बेचाळीस दिवस. त्यातले छत्तीस दिवस पोरीच्या नावापुढे आकडा आहे. पोरगी ९, पोरगी ११, पोरगी १४, पोरगी १४. एकूण ४१०. उरलेल्या चाळीस आबांच्या. एका मूर्तीला साधारण पाव तास धरला तर रोजचे सरासरी पावणेतीन तास होतात. शाळा साडेपाचला सुटायची, म्हणजे यातले बहुतेक तास रात्रीचे. एका रविवारी आकडा २६ आहे. साडेसहा तास मान एका रेषेत ठेवून.

कुणी तिच्यावर ओरडलं नाही. हे मी वहिनींची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. प्रकरण समजायचं तर हे धरूनच चालावं लागतं. तिला कुणी "चल, बस" म्हटलं नाही. ती बसायची, आई दूध आणून द्यायची, आबा पाठीवर हात ठेवून "बाय माझी" म्हणायचे. विक्रेते माल बघायला आले की विचारायचे, डोळे कुणी काढले? वहिनी पोरीकडे हात करायच्या आणि समोरचा माणूस थक्क व्हायचा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वहिनींनी तिचा आखणी करतानाचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. तो पुष्कळांनी बघितला आणि त्यातून तीसेक मूर्तींची नवी चौकशी आली. त्या वेळी सगळ्या घराला त्याचं कौतुक वाटलं होतं. मलाही. मीही तो व्हिडिओ दोघा-तिघांना पाठवला होता.

ऑगस्टच्या मध्यावर पहिली घटक चाचणी झाली. गणितात वीसपैकी नऊ. आधीच्या वर्षी सतरा-अठराच्या खाली नसायची. वर्गशिक्षिकेने वहिनींना बोलावलं, त्या पतसंस्थेतून अर्धा दिवस काढून गेल्या. बाईंनी पेपर दाखवला आणि मग चित्रकलेची वही पुढे केली. ‘बाजारातील दृश्य’ असा विषय होता. भाजीवाल्या, टोपल्या, छत्र्या, कुत्रं, सगळं नेटकं. माणसांच्या चेहऱ्यांवर नाक होतं, तोंड होतं, डोळे नव्हते. बाईंनी विचारलं तर म्हणाली, राहिले.

वहिनींनी हे घरी आल्यावर कुणाला सांगितलं नाही. टेम्पो भरायला पंधरा दिवस होते. मला सांगितलं ते सप्टेंबरात, वही पुढ्यात ठेवून, आणि तेसुद्धा जाता-जाता, जणू चाचणीचा आणि वहीचा काही संबंध नसावा.

मजुरी का लिहिता येत नव्हती

वहिनींचा प्रश्न हिशेबाचा होता, म्हणून मी आधी हिशेबाचंच उत्तर दिलं. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात. मात्र मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कौशल्याने कमावलेलं त्यातून वगळलं जातं. हे वहिनींना पतसंस्थेतल्या कुणीतरी सांगितलं होतं आणि ते बरोबर आहे. अडचण कराची नव्हतीच. आपणच आपल्या वहीत बारा वर्षांच्या मुलीची छत्तीस दिवसांची मजुरी लिहिणार, ही अडचण होती.

बालकामगारांचा कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला लावायला पूर्ण बंदी आली. लावणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. याच दुरुस्तीत कुटुंबाच्या उद्योगाला एक वाट ठेवली: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल घरच्यांना मदत करू शकतं, काम धोक्याचं नसेल तर. याच वाटेवर तेव्हा मोठी टीका झाली, यूनिसेफनेही आक्षेप घेतला होता, कारण आपल्या देशात विणकाम, विड्या वळणं, कशिदा असं कितीतरी काम घराच्या चार भिंतींतच चालतं आणि तिथे कुणी बघायला जात नाही.

बहुतेकांना एवढंच माहीत असतं: घरचा धंदा आहे, चालतं. २०१७ मध्ये आलेले नियम कुणी वाचत नाही. मीही ते वहिनींच्या प्रश्नानंतर नीट वाचले. मदत दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नको. शाळेच्या वेळेत नको. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात अजिबात नको. मूल थकेल असं सलग काम नको. आणि सगळ्यात कडक अट अशी, की माल तयार करणं, पुरवणं, विकणं या साखळीत जिथून कुटुंबाला पैसा मिळतो, त्या टप्प्यावरचं कामच मदतीत बसत नाही.

ही शेवटची अट वाचून मी बराच वेळ थांबलो. तिचा सरळ अर्थ लावला तर विक्रीच्या मूर्तीवर बारा वर्षांच्या मुलीने एक डोळासुद्धा काढायचा नाही, दिवसा नाही की रविवारी नाही. प्रत्यक्षात रायगड जिल्ह्यात सोडा, कुठेच हे कुणी पाळत नसेल. तरीही त्या अटीत मला एक शहाणपण दिसलं. विक्रीच्या मूर्तीला तारीख असते. टेम्पो उभा असतो. तिथे मूल बसलं की त्याचं बसणं मोजलं जायला लागतं, आणि वहीत आकडा येतो.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी माझ्याच पोरीला कामाला लावलं?" मी काही बोललो नाही. वही त्यांच्याकडे फिरवली आणि पेन्सिलने काढलेली बेरीज दाखवली. रोज लिहिणाऱ्याला बेरीज दिसत नाही, हे मी धंद्यात फार वेळा बघितलं आहे.

पोरीशी बोलणं

दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. पोरगी अभ्यासाला बसली होती. मी तिला विचारलं, तुला आवडायचं ना गं आखणी करायला?

"आवडायचं."

मग कंटाळा आला असता तर सांगायचं नाही का?

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अगदीच कच्चं विचारलंय. म्हणाली, "काका, मी नाही म्हटलं असतं तर गणपती कुणी दिले असते?"

या प्रकरणातलं मला उमगलेलं सगळं या एका वाक्यात आहे. आईने तिला जबाबदारी दिली नव्हती. पण पडवीत साडेचारशे बिनडोळ्यांचे गणपती रांगेने बसले होते, आईचा चेहरा उतरलेला होता, आबांचा हात थरथरत होता, आणि ते डोळे काढता येणारं घरात एकच माणूस होतं. बारा वर्षांच्या मुलीने ते बघितलं आणि स्वतःहून खांदा दिला. कौतुक खरं होतं, प्रेमही खरं होतं, आणि त्या दोन्हींमुळेच तिला उठता येत नव्हतं. मूल धंद्यात कितपत गुंतलंय हे तास मोजून थोडंफार कळतं. पण मला विचाराल तर एवढंच बघावं: ते उद्या बसलं नाही तर काय अडेल? काही अडत नसेल तर ते शिकतंय, रमतंय. माल अडत असेल तर ते कारागीर झालंय, मग त्याला कुणी पगार देवो न देवो.

आबांचं म्हणणं

आबांना हे सगळं पटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं मी इथे पूर्ण मांडतो, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही.

"मी सातव्या वर्षी ब्रश धरला," ते म्हणाले. "दहाव्या वर्षी बापाबरोबर रात्र-रात्र बसलोय. हात लहानपणीच वळतो. सोळाव्या वर्षी शिकायला या म्हणशील तर रेघ येईल, डोळा येणार नाही. तुमच्या कायद्यानं वागलं तर ही विद्या माझ्याबरोबर जाईल." पाटीवर आपल्या नावाखाली ‘आणि नात’ लिहायचं त्यांनी मनात धरलं होतं. भागीदारीत तिला घेता येईल का, असंही विचारून झालं. १९३२ च्या भागीदारी कायद्यात अज्ञान मूल भागीदार होत नाही. सगळ्या भागीदारांच्या संमतीने त्याला फक्त फायद्यात सामावून घेता येतं, आणि अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत राहायचं की नाही हे त्याने ठरवायचं. आबांना यात गोडी वाटली नाही. "फायद्यात कशाला? तिला कामात घ्यायची आहे."

हात लहानपणी वळतो हे त्यांचं खरं आहे. संगीताच्या, तालमीच्या घरांत तेच सांगतात. मी त्यांना एकच विचारलं: चौथीपासून सहावीपर्यंत ती ज्या चेहऱ्यांवर शिकली, ते विकायचे होते का? नव्हते. ते तुटके होते, चुकले तरी चालत होते, आणि कंटाळा आला की ती ब्रश टाकून सायकलवर जात होती. विद्या तिथे आली. त्या छत्तीस रात्रींत नवं काय आलं? आबा कारागीर माणूस, कामाच्या बाबतीत खोटं बोलणार नाहीत. थोडा वेळ गेला आणि म्हणाले, शेवटच्या आठवड्यात तिचे सगळे डोळे एकसारखे यायला लागले होते. एकसारखे म्हणजे चांगले का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. छापल्यासारखे."

पण म्हणून ते राजी झाले असं नाही. पुढचे दोन महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

काय ठरलं

पैशाचं सोपं होतं. पोरीची मजुरी वहीत नाही. वहिनींनी सोळा हजार चारशे मालकाची उचल म्हणून काढले आणि पोरीच्या बचत खात्यात भेट म्हणून भरले. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं खातं बँकेत उघडता येतं. ते तिच्या सहीने उघडलं.

मुख्य बदल बुकिंगच्या पद्धतीत झाला. आजवर ते आधी बुकिंग घ्यायचे आणि मग हात शोधायचे. आता उलटं. आखणी करणारी मोठी माणसं किती, ती दिवसाला किती करतील, पावसाचे दिवस किती जातील, आणि मग आकडा. वहिनींनी हे दिवाळीत बसून मांडलं तेव्हा तो ४०० च्या वर जाईना. ६४० वरून ४००. त्यांनी वही मिटली, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली, पुन्हा तेवढाच आला.

दुसरं, आबांची विद्या. जोह्याच्या एक मावशी त्यांच्याकडे घासकामाला येत, चाळिशीच्या, हात फार स्थिर. वहिनींनी सुचवलं की आबांनी त्यांना आखणी शिकवावी, आणि शिकण्याच्या दिवसांची मजुरी कारखान्याने द्यावी. आबा म्हणाले, या वयात डोळा येत नाही. मावशी म्हणाल्या, "बघू तरी." डिसेंबर ते मार्च, रोज दुपारी तास-दीड तास, त्याच तुटक्या चेहऱ्यांवर. मार्चअखेर आबांनी त्यांची एक मूर्ती उचलून विक्रीच्या फळीवर ठेवली. तोंडाने काही म्हणाले नाहीत.

पोरीचं असं ठरलं की विक्रीच्या मूर्तीला ती हात लावणार नाही. तुटके चेहरे, कागद, आणि घरचा गणपती एवढं तिचं. तेही तिला वाटलं तर, दिवसा. आणि व्हिडिओ नाही. रंगाची फवारणी चालते त्या बाजूला तर तिने जायचंच नाही, हे वहिनींनी स्वतःहून घातलं.

पुढचा हंगाम

२०२५ चा हंगाम सगळ्याच कारखान्यांना जड गेला. जानेवारीच्या शेवटी उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्तींवरची बंदी काटेकोर पाळायला सांगितली. मेपर्यंत पेणमध्ये कुणाला कळेना की कच्चा माल घ्यावा की नाही. ९ जूनला मूर्ती बनवायला परवानगी मिळाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र नाही. चतुर्थीही २७ ऑगस्टला, म्हणजे अकरा दिवस अलीकडे. ज्यांनी मोठे आकडे धरले होते त्यांची जून-जुलैमध्ये फार ओढाताण झाली. वहिनींचा आकडा लहान होता आणि त्यातल्या निम्म्या मूर्ती त्यांनी आधीच शाडूच्या ठरवल्या होत्या, म्हणून त्या तरल्या. हे त्यांच्या निर्णयाचं फळ म्हणून मी सांगणार नाही. योग तसा आला. उत्पन्न गेल्या वर्षीपेक्षा कमीच झालं आणि पोरीच्या क्लासची फी त्यांना दोन हप्त्यांत भरावी लागली. दोन जुने विक्रेते मोठ्या कारखान्याकडे गेले ते गेलेच.

पोरीने ऑक्टोबर ते जानेवारी ब्रशला हात लावला नाही. वहिनी घाबरल्या होत्या, की आपण तिच्या हातून ते कायमचं घालवलं. मीही घाबरलो होतो. कुणी तिला काही विचारलं नाही, हे मात्र सगळ्यांनी निभावलं. आबांनीसुद्धा.

ती परत आली ती भलत्याच दारातून. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या पडवीत बसून कच्च्या मालाच्या चिठ्ठ्या लावत होतो. ती शेजारी येऊन बसली आणि विचारलं, "काका, डोळ्यांचे चाळीस, तर मातीचे किती?" मी कागद घेतला आणि एका मूर्तीचा खर्च तिच्याकडून मांडून घेतला. कच्ची मूर्ती, घासकाम, रंग, आखणी, पंख्याची वीज, गवत आणि पुठ्ठा, टेम्पो. तिने खाली बेरीज केली, मग गेल्या वर्षीची वही चाळत बसली. अर्ध्या तासाने म्हणाली, "यात फुटलेल्या कुठे आहेत?"

फुटलेल्या नव्हत्या. गेल्या हंगामात आणता-नेताना, सुकताना मिळून तेवीस मूर्ती गेल्या होत्या. त्यांची कच्ची किंमत, रंग, मजुरी सगळं खर्ची पडलं होतं, पण मूर्तीचा दर काढताना ते कुणी धरलं नव्हतं. मी हिशेब लिहिणारा माणूस. सहा वर्षं ती वही माझ्या हातून जात होती आणि मला ते दिसलं नव्हतं. वहिनींनी त्या वर्षी शाडूच्या मूर्तीचा दर त्याप्रमाणे धरला, कारण शाडूत तडा जाण्याचं प्रमाण आणखी जास्त. आता पोरगी धंद्यात आली, असं मी म्हणेन ते या दुपारपासून. त्या प्रश्नाला कुठली तारीख नव्हती आणि तिने तो विचारला नसता तरी कुठला टेम्पो अडला नसता.

घरच्या गणपतीचं तिने आधी नाहीच म्हटलं होतं. "यंदा मावशींना सांग." वहिनी बरं म्हणाल्या आणि मावशींना सांगूनही ठेवलं. २४ ऑगस्टच्या रविवारी सकाळी मी शेवटची बिलं घ्यायला गेलो तेव्हा पाऊस नव्हता, पडवीचं दार उघडं होतं, आणि ती पाटापुढे बसली होती. आबांनी दोन्ही हातांनी फिरता पाट धरून ठेवला होता. वहिनी चौकटीत उभ्या होत्या, हात ओले, मोबाइल आत ओट्यावर. पन्नासेक मिनिटं कुणी बोललं नाही. उजव्या डोळ्याची रेघ तिने आबांपेक्षा जराशी लांब ओढली, मुद्दाम, आणि डाव्या डोळ्याला तेवढीच. शेवटचे दोन ठिपके ठेवून ती मागे सरकली.

आबांनी मूर्ती न्याहाळली. मग मागच्या फळीकडे हात केला. तिथे शाडूच्या सहा मूर्ती मावशींची वाट बघत होत्या. "बाय, हात बसलाय आज. एवढी एक घे."

"नको आबा. भूक लागलीय मला."

तिने ब्रश पाण्याच्या डब्यात टाकला आणि ती आत गेली. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले, ब्रश डब्यातून काढला, फडक्याला पुसला आणि मावशींच्या जागेवर नेऊन ठेवला.